हॅलोविनमधला गळालेला 'व्ह' आणि स्कॉट्स भाषा

बोरूबहाद्दर

३१ ऑक्टोबर जवळ आला की मराठी वर्तमानपत्रांत दोन ठरलेले मजकूर येतात. एक, 'हे अमेरिकेचं भोपळ्याचं फॅड'. दोन, 'हा मूळचा आयर्लंडचा सण'. दोन्हींत स्कॉटलंडचं नाव नसतं. पण हा शब्दच स्कॉट्स भाषेतला आहे. इंग्रजीत मूळ 'ऑल हॅलोज ईव्ह', म्हणजे सर्व संतांच्या दिवसाची (१ नोव्हेंबर) आदली संध्याकाळ. 'हॅलोईन' हे आखूड रूप घडलं ते उत्तरेत, स्कॉट्समध्ये. जुन्या छपाईत त्यात एक स्वल्पचिन्ह दिसतं, दोन 'ई'च्या मध्ये वर टांगलेलं, आपल्या अवग्रहासारखं.

प्रश्न तीन:
हे चिन्ह नेमकं कशाच्या जागी आहे?
शब्दाव्यतिरिक्त या सणाचं आणखी काय काय स्कॉट्समध्ये आहे?
आणि भोपळ्याच्या आधी जो कंद कोरत, तो घरी कोरायचा तर कसा?

स्कॉट्स म्हणजे गेलिक नव्हे, एवढं पहिल्याच प्रतिसादात कुणीतरी सांगून टाका, म्हणजे पुढे वाद नको.

एकशब्दी

वाद नको म्हणून धागा काढणारे पहिलेच तुम्ही.

व्यंजनसंधी

स्कॉट्स आणि स्कॉटिश गेलिक या वेगळ्या शाखांतल्या भाषा आहेत. गेलिक केल्टिक, आयरिशची बहीण. स्कॉट्स जर्मानिक, जुन्या इंग्रजीच्या नॉर्थम्ब्रियन बोलीतून वाढलेली. म्हणजे इंग्रजीची लेक नाही, बहीण. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये १५ लाखांहून जास्त लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं नोंदवलं. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून गेलिक आणि स्कॉट्स दोन्हींना अधिकृत दर्जा दिला.

आता चिन्ह. तिथे 'व्ह' गळालाय. संध्याकाळसाठी जुना शब्द 'ईव्हन'. इंग्रजीने त्याची शेपटी कापली, 'न' गेला, 'ईव्ह' उरलं. स्कॉट्सने पोट कापलं, 'व्ह' गेला, 'ईन' उरलं. एकाच शब्दाचे दोन भाषांनी दोन ठिकाणी केलेले तुकडे.

आणि हा एकट्या शब्दाचा अपघात नाही. दोन स्वरांमध्ये किंवा शब्दाच्या शेवटी आलेला 'व्ह' गाळणं ही स्कॉट्सची खोड आहे. डेव्हिल (सैतान) चा 'डील'. गिव्ह (दे) चा 'गी'. हॅव्ह चा 'हे'. ओव्हर चा 'ओअर'. सिल्व्हर चा 'सिलर', आणि सिलर म्हणजे चांदीच नव्हे तर सरळ 'पैसे'. काल संध्याकाळी या अर्थी 'यस्ट्रीन', त्यातही तोच 'ईन' दडलाय. सगळ्यांत गंमत म्हणजे 'हार्व्हेस्ट'चा झाला 'हेअर्स्ट', आणि हेअर्स्ट म्हणजे सुगी, आणि सुगी म्हणूनच शरद ऋतूही. म्हणजे ज्या ऋतूत हा सण येतो त्या ऋतूच्या नावातूनही 'व्ह' गेलाय.

एकशब्दी

एका अक्षराचं श्राद्ध. तिथीही बरोबर.

धुकटवाट

शब्द स्कॉट्स, मान्य. पण सण? मूळ 'सावन', केल्टिक वर्षाची हिवाळ्याची सुरुवात. (लिहिताना मधे 'म्ह' असतो, उच्चारात 'व', श्रावणाशी संबंध नाही.) कंद कोरण्याची पद्धत आयर्लंडात पक्की आहे. मेयो परगण्यातल्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलच्या अशा कोरलेल्या शलगमाच्या मुखवट्याचा साचा ठेवलेला आहे, बघून झोप उडते. स्कॉट्स ही त्या मानाने उशिरा आलेली भाषा. जुनं घर गेलिकचं, पाटी नंतर बदलली, इतकंच.

तिठ्यावरचा

धुकटवाट, पाटीचं बरोबर. पण 'दोन हजार वर्षांची केल्टिक शलगम-परंपरा' असं कुणी लिहिलं की थांबा. ज्या कंदाचे कंदील स्कॉटलंडमध्ये करतात तो 'स्वीड', पिवळ्या गराचा, जांभळ्या टाळूचा. तो तिथल्या शेतात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. त्याआधी ज्याची साक्ष मिळते ती केल नावाच्या भाजीच्या जाड दांड्यात खोवलेली मेणबत्ती. म्हणजे कंदील ही मोठी नवी गोष्ट.

दुसरं, रॉबर्ट बर्न्सची 'हॅलोईन' ही २५२ ओळींची कविता वाचा. १७८५ ची रचना, १७८६ मध्ये किल्मार्नॉकला छापलेल्या त्याच्या पहिल्या पुस्तकात आली. या सणाचं इतकं बारकाईचं वर्णन त्याआधी कुणी केलेलं नाही. त्यात कंदील नाही. सोंगं घेऊन दारोदार फिरणारी मुलंही नाहीत. भुतंसुद्धा जवळजवळ नाहीत. सगळी रात्र एकाच प्रश्नाभोवती: लग्न कुणाशी होणार?

मावळतीकर

तिठ्यावरचा यांना +१. त्या कवितेवर सविस्तर लिहितो, कारण प्रश्न क्रमांक दोनचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

कवितेला स्वतः बर्न्सने तळटिपा दिल्यात. कविता स्कॉट्समध्ये, तळटिपा इंग्रजीत. गावात काय चालतं ते गावच्या भाषेत, आणि शहरी वाचकाला समजावणं साहेबाच्या भाषेत. त्या टिपांमुळेच आज आपल्याला विधी पायरीपायरीने कळतात. दहाएक आहेत, मोजके देतो.

केल उपटणं. जोडीने हात धरून, डोळे मिटून मळ्यात जायचं आणि हाताला लागेल तो पहिला दांडा उपटायचा. सरळ की वाकडा, उंच की बुटका, तसा नवरा किंवा बायको. मुळाला चिकटलेली माती, तिला 'यर्ड' म्हणतात, म्हणजे हुंडा ('टॉखर'). माती जितकी जास्त तितका हुंडा मोठा. मग दांड्याचा गाभा, 'कस्टक', चाखायचा: गोड तर स्वभाव गोड. शेवटी दांडे ('रंट') दारावर ओळीने ठेवायचे आणि जे जे पाहुणे आत येतील त्यांची नावं त्या क्रमाने लावायची.

निळी गुंडी. एकट्याने धान्य वाळवायच्या भट्टीपाशी जायचं, निळ्या लोकरीची गुंडी खालच्या खड्ड्यात टाकायची आणि धागा वर ओढत नवी गुंडी गुंडाळायची. शेवट जवळ आला की खालून कुणीतरी धागा धरतं. तेव्हा विचारायचं, 'कोण धरतंय?' उत्तरात जोडीदाराचं नाव येतं.

बाही भिजवणं. तीन जमीनदारांच्या शिवा जिथे मिळतात तिथल्या, दक्षिणेकडे वाहणाऱ्या ओहळात सदऱ्याची डावी बाही भिजवायची, घरी येऊन शेकोटीसमोर टांगायची आणि जागं राहायचं. मध्यरात्री एक आकृती येते आणि दुसरी बाजू सुकावी म्हणून बाही उलटते.

तीन 'लगी', म्हणजे कान असलेले लाकडी कटोरे. एकात स्वच्छ पाणी, एकात घाण, एक रिकामा. डोळे बांधून डावा हात बुडवायचा. स्वच्छ आलं तर कुमारिका, घाण आलं तर विधवा, रिकामा आला तर लग्नच नाही. तीनदा करायचं, दर वेळी कटोऱ्यांच्या जागा बदलून.

खरी मजा अशी की बर्न्सच्या कवितेत यातला जवळजवळ कुठलाच विधी धड पार पडत नाही. भांगेचं बी पेरणाऱ्या जेमीला मागून कण्हण्याचा आवाज येतो आणि तो किंचाळतो, निघते डुकरीण. बाही भिजवायला गेलेली लीझी वासराच्या हंबरण्याने दचकून डोहात पडते. अंकल जॉनच्या हाती तीनही वेळा रिकामा कटोरा येतो आणि तो कटोरे आगीत फेकून देतो. भीती आहे, पण तिची टर उडवलेली आहे.

सुईदोरा

निळ्या गुंडीत अडतं कुठे ते सांगते. भट्टीचा खड्डा खोल आणि गुंडी लहान असेल तर धागा तळाला टेकण्याआधीच संपतो आणि सगळी गुंडी हातातून सुटून खाली जाते. म्हणून मोठी गुंडी घ्यायची आणि मोकळं टोक मनगटाला बांधून मग गुंडी खाली टाकायची. आणि धागा 'धरला' जातो तो बहुधा भट्टीच्या आडव्या लाकडांत अडकून. आत आधीच लपून बसलेला गावातला एखादा टारगट हाही पर्याय आहेच.

मावळतीकर, एक विचारते: कवितेतल्या आणखी एका विधीत 'वेख्त' येतं, ते म्हणजे चाळण की सूप? भाषांतरांत दोन्ही दिसतं.

मावळतीकर

काम सुपाचं, आकार चाळणीचा. लाकडी कडं आणि त्यावर ताणलेलं कातडं, भोकं नाहीत. डफ उलटा धरल्यासारखं. विधी असा: धान्याच्या कोठाराची समोरासमोरची दोन्ही दारं उघडायची, जमलं तर बिजागऱ्यांतून काढूनच ठेवायची (आत आलेल्याने दार लावून घेतलं तर पंचाईत), आणि वेख्त हातात घेऊन रिकामंच तीनदा वारवायचं. कवितेतले शब्द म्हणजे 'काहीच नसलेल्याची तीन वेख्तं'. तिसऱ्यांदा वाऱ्याच्या दाराने आकृती आत येते आणि दुसऱ्याने बाहेर जाते. सुपातून 'काहीच नाही' पाखडायचं ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागू नये.

एकशब्दी

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा म्हणतात तिला.

हिरवी_मिरची

प्रश्न तीन माझ्याकडे. स्कॉटलंडमध्ये या कंदाला 'नीप' म्हणतात. पश्चिमेकडे, ग्लासगोच्या बाजूला, 'टम्शी'. नीप लॅटिन 'नापस'वरून जुन्या इंग्रजीतून आलाय, आणि इंग्रजी 'टर्निप'च्या शेपटीत तोच नीप आहे. घोळ इथे होतो: इंग्लंडमध्ये टर्निप म्हणजे लहान पांढरं शलगम, पिवळ्याला स्वीड म्हणतात. स्कॉटलंडमध्ये टर्निप म्हटलं की बहुधा पिवळाच. पांढरा घेतलात तर कंदील लिंबाएवढा होईल.

कृती:

१५ सेंमी किंवा त्याहून रुंद, दीड किलोच्या आसपासचा कंद घ्या. खालून पातळ चकती कापून बूड सपाट करा, नाहीतर मेणबत्तीसकट लवंडतो. वरून २-३ सेंमीवर झाकण कापा. सुरी एका दमात आरपार घालू नका, कंद लाकडासारखा असतो, सुरी अडकते आणि सटकून हातावर येते. कडेने फिरवत थोडं थोडं कापत या.

मग गरावर सुरीच्या टोकाने चौकटी पाडा, साधारण २ सेंमी खोल, आणि जाड धातूच्या चमच्याने एकेक चौकट उचकटा. पातळ चमचा वाकतो. पुन्हा चौकटी, पुन्हा उचकटणं. ड्रिल असेल तर २५ मिमीच्या चपट्या पात्याने आधी पाच-सहा भोकं पाडून घ्या, काम निम्म्यावर येतं. मात्र कंद शिकंज्यात धरा, हातात नाही. भिंत १ सेंमी राहिली की थांबा. जाड राहिली तर उजेड बाहेर येत नाही, पातळ झाली तर दुसऱ्या दिवशी आत खचते.

डोळे-तोंड कापताना उलट्या बाजूने बोट आत लावून जाडी तपासत राहा. झाकणाला १ सेंमीचं भोक हवंच. ज्योत आणि झाकणात ४-५ सेंमी अंतर ठेवा, नाहीतर झाकण करपतं आणि वास घरभर होतो. दोरी बांधायची भोकं कडेपासून दीड सेंमी खाली पाडा, कडेलगत पाडली तर फाटतात. सवय नसेल तर दीड तास धरून चला.

कोरून काढलेला गर टाकू नका. उकडून, लोणी-मिरी घालून घोटला की 'चॅम्पिट नीप्स'.

पाचव्या दिवशी बुरशी येते. त्याआधी चेहरा सुरकुततो, तो मात्र भोपळ्याला सात जन्मांत जमणार नाही असा भयाण दिसतो.

धुकटवाट

पुण्यामुंबईत स्वीड मिळत नाही. नवलकोल चालेल?

हिरवी_मिरची

मोठा, जून नवलकोल चालतो, पण बुडाशी तंतू लाकडी असतात. तिथे चमचा नको, सुरीच. आणि उजेड पिवळा नाही, हिरवट पडतो. त्यातही शोभा आहे.

तिठ्यावरचा

टम्शी आणि नीप हे दोन्ही शब्द 'मठ्ठ' या अर्थी शिवी म्हणूनही चालतात. आपल्याकडे भोपळा परीक्षेत मिळतो, तिथे कंद थेट माणसालाच म्हणतात.

सुईदोरा

आता सोंगांकडे. मुलं वेष करून दारोदार जातात त्याला स्कॉट्समध्ये 'गायझिंग', करणारा 'गायझर'. 'डिसगाइझ'मधला गाइझ तोच. (पाणी तापवायचा गीझर वेगळा, तो आइसलँडचा.) मराठीत याला एकच शब्द: सोंग. कोकणातल्या शिमग्याचं सोंग आठवा.

अमेरिकन पद्धतीत आणि यात मूळ फरक आहे. तिथे मागणी आणि धमकी, इथे मोबदला. गायझरला दारात काहीतरी करून दाखवावंच लागतं: गाणं, कविता, कोडं, निदान एक विनोद. याला 'टर्न' म्हणतात. मगच शेंगा, सफरचंद, संत्रं किंवा नाणं. जुन्या पद्धतीत घरच्यांनी आधी ओळखायचं की सोंगाखाली कुणाचं पोर आहे, म्हणून चेहरा काजळीने माखायचा आणि आवाजही बदलायचा.

आवाज बदलायची सगळ्यांत पक्की युक्ती शेटलँड बेटांवरची. तिथले 'स्केक्लर' पेंढ्याचे झगे आणि पेंढ्याच्या उंच टोप्या घालत, तोंडावर कापड, आणि बोलत ते श्वास बाहेर सोडत नाही तर आत ओढत. करून बघा, स्वतःचाच आवाज ओळखू येत नाही. दोन वाक्यांपुढे ठसका लागतो, म्हणून संवाद तोकडे.

आणि क्लाइड नदीच्या मुखाशी ग्रीनॉकच्या भागात या रात्रीलाच 'गलोशन्स' म्हणायची पद्धत आहे. हे मूळ एका लोकनाट्यातल्या पात्राचं नाव. नाट्य असं: दोघे लढतात, एक मरतो, डॉक्टर येऊन त्याला उठवतो, मग पैसे गोळा करतात. स्कॉटलंडात इतरत्र हा खेळ बहुधा वर्षअखेरीला व्हायचा. तिथे नाटक मागे पडलं, नाव सणाला चिकटून राहिलं.

एकशब्दी

मेलेला उठतो आणि मग बिल येतं. डॉक्टर खाजगी दिसतोय.

मावळतीकर

एक काम इथे कुणी केलेलं नाही. भीतीचे किती इंग्रजी शब्द स्कॉट्सचे आहेत ते.

'इअरी': उत्तरेकडचा. मूळ अर्थ 'भित्रा', म्हणजे भ्यालेला माणूस इअरी. नंतर ज्याला भ्यालो ती जागा इअरी झाली. 'अनकॅनी': स्कॉट्स 'कॅनी' म्हणजे जपून वागणारा, आणि शुभही, त्याच्या उलट ते अनकॅनी. 'रेथ', म्हणजे जिवंत किंवा नुकत्याच मेलेल्या माणसाची छायाकृती: हा शब्द गॅव्हिन डग्लसने १५१३ मध्ये पूर्ण केलेल्या व्हर्जिलच्या स्कॉट्स भाषांतरात सापडतो. 'ग्रूसम': स्कॉट्स 'ग्रू' म्हणजे शहारणे. वर दिलेल्या बर्न्सच्या कवितेतही आहे, गंजीला तीनदा मिठी मारणारा विल एका वाकड्या जुन्या लाकडाला काळी 'ग्रूसम' म्हातारी समजतो. 'वॉरलॉक'चं 'क'ने संपणारं रूपही स्कॉट्सचंच.

आणि सरताज 'ग्लॅमर'. हे 'ग्रामर'चंच रूप, 'र'चा 'ल' झालेला. व्याकरण म्हणजे विद्या, विद्या म्हणजे मंत्रविद्या, म्हणून ग्लॅमर म्हणजे डोळ्यांवर टाकलेली भूल. वॉल्टर स्कॉटने तो इंग्रजीत रुळवला. सिनेनट्यांचं वलय आणि आपलं शाळेतलं व्याकरण हे सख्खे भाऊ आहेत.

व्यंजनसंधी

व्याकरणाने भूल पडते, हे माझ्या विद्यार्थ्यांना कुणीतरी सांगा. (मला ठाऊक आहे, भूल नव्हे, झोप.)

मावळतीकरांच्या यादीत 'टीन्ड' घाला, इंग्रजीत गेला नसला तरी. 'टॅम लिन' या पोवाड्यात तो कळीचा आहे. टीन्ड म्हणजे दशांश, चर्चला द्यायचा दहावा हिस्सा. त्या गाण्यात पऱ्यांची राणी दर सात वर्षांनी नरकाला टीन्ड भरते, आणि पऱ्यांनी पळवलेल्या टॅमला यंदा आपली पाळी असावी अशी धास्ती आहे. सुटका हॅलोईनच्या रात्रीच: मध्यरात्री पऱ्यांची स्वारी निघते, काळा घोडा जाऊ द्यायचा, तपकिरी जाऊ द्यायचा, पांढऱ्यावरच्याला खाली ओढायचं आणि तो साप-बिप काहीही झाला तरी सोडायचं नाही. जागाही खरी आहे: कार्टरहॉ, सेल्कर्कजवळ, एट्रिक आणि यॅरो नद्यांच्या संगमाशी. १५४९ च्या सुमाराच्या 'कम्प्लेंट ऑफ स्कॉटलंड'मध्ये या कथेचं नाव आलंय. नरकालाही वसुलीची पावती लागते, ही कल्पना शेतसारा भरणाऱ्यांनाच सुचू शकते.

धुकटवाट

आणि चेटकिणी? १५९०-९१ चे नॉर्थ बेरिकचे खटले तुम्ही कुणीच घेतले नाहीत. आरोप असा की हॅलोईनच्या रात्री चेटकिणी चाळणीत बसून समुद्रावरून नॉर्थ बेरिकच्या चर्चला गेल्या, तिथे नाचल्या, आणि त्यांच्यातल्या 'गेली डंकन' नावाच्या बाईने मोरचंगासारखं वाद्य वाजवलं. सहावा जेम्स राजा स्वतः चौकशीला बसला आणि त्याने तिला ते वाजवून दाखवायला लावलं.

तिठ्यावरचा

घ्यायलाच हवं होतं. पण तिथे 'मजा' या सुरात नको. जबान्या छळ करून घेतलेल्या होत्या आणि माणसं जाळली गेली. चेटूक हा गुन्हा ठरवणारा स्कॉटलंडचा कायदा १५६३ चा, रद्द झाला १७३६ मध्ये. बर्न्सच्या कवितेच्या पन्नासच वर्षं आधी. त्याची माणसं भुतांना हसतात, त्यांच्या आज्या हसू शकत नव्हत्या.

हिरवी_मिरची

जरा तोंड गोड करू. खेळ दोन.

'डूकिन': टबात पाणी, त्यात सफरचंदं. ती तरंगतात कारण त्यांच्या आकारमानाचा सुमारे चौथा हिस्सा हवाच असते. हात मागे, दातांनी पकडायचं. देठ वर असलेलं आधी हेरा. गुळगुळीत मोठं सफरचंद नुसतं पळतं. ते तळाशी दाबून मगच दात लागतो. आता सगळ्यांची लाळ एका पाण्यात नको म्हणून खुर्चीवर उलटं गुडघे टेकून, दातांत काटा धरून वरून सोडतात. काट्याचं टोक खाली, मूठ दातांत, आणि टबाभोवती मुलांचे हात नकोत.

'ट्रीकल स्कोन': दोरीला टांगलेले, काळ्या काकवीने माखलेले, हात न लावता खायचे. ट्रीकल आपल्या काकवीच्या जवळचं, पण जास्त काळं आणि कडवट. फसतं ते स्कोन फार हलका झाला की: दोरी ओवताना दुभंगतो. दूध बेताने, पीठ घट्ट. २२५ ग्रॅम स्वतः फुगणारा मैदा, ५० ग्रॅम लोणी, २ मोठे चमचे ट्रीकल, १०० ते १२० मिली दूध, २२० अंशांवर १०-१२ मिनिटं. पूर्ण गार झाल्यावरच भोक पाडा आणि वरचं ट्रीकल टांगल्यावर लावा. खाली वर्तमानपत्र.

बर्न्सच्या कवितेत शेवटी जेवण आहे ते 'सूअन्स'चं, लोणी घालून. ओटच्या कोंड्याला, 'सिड्झ'ला, चिकटलेलं पीठ वाया जाऊ नये म्हणून तो कोमट पाण्यात आठवडाभर आंबवतात, पिळून गाळतात, दोन दिवस निवळू देतात. वरचं आंबट पाणी 'स्वॉट्स', ते पितात. तळाशी बसलेला साका दुप्पट पाण्यात मीठ घालून दहा मिनिटं सतत ढवळत शिजवायचा. कुरडईचा चीक ज्यांनी घोटलाय त्यांना कृती सांगायलाच नको. गाठी होण्याचं कारणही तेच: आच मोठी आणि हात थांबला.

एकशब्दी

म्हणजे दोन्हीकडच्या आज्यांचं एकमत: भूत परवडलं, पीठ वाया जाता कामा नये.

बोरूबहाद्दर

दंडवत सगळ्यांना. परत त्या चिन्हावर येतो. आज स्कॉट्स लिहिणारे ते ठेवतात की काढतात?

व्यंजनसंधी

बरेच जण काढतात. अठराव्या शतकात छापणाऱ्यांनी स्कॉट्समध्ये अशी चिन्हं पेरली: 'ऑल'साठी नुसता 'अ' आणि वर चिन्ह, 'विथ'साठी 'वि' आणि चिन्ह. जणू प्रत्येक शब्द इंग्रजीचा, एक दात पडलेला. याला टीकाकार 'माफी मागणारं चिन्ह' म्हणतात. १९४७ मध्ये एडिनबरात कवींनी एक लेखन-नियमावली केली, तिने ही चिन्हं टाकून द्यायला सांगितलं.

मावळतीकर

इथे मी असहमत. 'वि'मधलं चिन्ह माफीचं, मान्य. स्कॉट्सने तो 'थ' कधीच टाकून दिलेला, उणीव दाखवायचं कारण नाही. पण 'ईन'मध्ये स्कॉट्सचाच स्वतःचा जुना 'ईव्हन' आखडलाय. जुन्या स्कॉट्समध्ये 'हॅलो ईव्हन' असं पूर्ण लिहिलेलं सापडतं, माँगमरीच्या १५८० च्या सुमाराच्या कवितेत तर सुगीच्या शेवटी त्या रात्री निघालेली पऱ्यांची स्वारीच आहे. तिथलं चिन्ह इंग्रजीची नव्हे, आपल्याच पूर्वजाची आठवण ठेवतं.

व्यंजनसंधी

युक्तिवाद देखणा आहे. मग 'डील', 'सिलर' आणि 'हेअर्स्ट'मध्येही चिन्ह लावा. त्यांचेही पूर्वज घरचेच आहेत.

मावळतीकर

... निरुत्तर. काढा.

सुईदोरा

आणि मराठीत? 'हॅलोविन'मधला 'व' म्हणजे तो गळालेला 'व्ह' परत आला असं कुणी समजेल.

व्यंजनसंधी

तो 'व' 'हॅलो'च्या शेपटीतला आहे, 'हॅलो' म्हणजे संत. त्याचा या मढ्याशी संबंध नाही. पण ऱ्हस्व 'वि' चूक. 'ईन' दीर्घ आहे, आणि अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार आपल्या नियमानेही दीर्घच. गरीब, वकील, हॅलोवीन.

बोरूबहाद्दर

पटलं. पण प्रतिसाद आल्यावर इथे शीर्षक संपादित होत नाही.

एकशब्दी

राहू द्या. वर एक चिन्ह टांगा.